पश्चिमेचा सोपा

आषाढ वद्य तृतीया, शके १६८५
पुणे, कसबा

चिरंजीव यज्ञेश्वर भावोजी यांस मुक्ताबाईचा आशीर्वाद.

तुम्ही चाकरी करता त्या सागरहून आलेल्या कासिदाने तुमचा निरोप सांगितला. वाटणीचे भांडण करून तुम्ही घराबाहेर पडलात, त्याला इतकी वर्षे झाली. एवढ्या वर्षांतला हा पहिला निरोप, आणि तोही तोंडी. शाईची तिकडे टंचाई दिसते. निरोप असा, की मोगलांची फौज पुण्यात शिरली त्या धामधुमीत वहिनीने मधली पडवी पाडून घराचे दोन तुकडे केले, असे तुमच्या कानावर आले. तरी तुमच्या वाटणीच्या अर्ध्या घराची, पूर्वेच्या सोप्याची, अवस्था कळवावी.

कळवते. तुमचा सोपा उभा आहे. कौलांवर काजळी बसली आहे, ती या पावसात धुतली जाते आहे. दाराला तुम्ही घातलेले कुलूप तसेच आहे. आत तुमचे सामान, तुमच्या आईची पितळी समई, खुंटीवरचे खोगीर, सारे असेलच. मी आत जाऊन पाहिलेले नाही. "माझ्या उंबऱ्यात कोणी पाऊल ठेवायचे नाही," असे तुम्ही चार लोकांदेखत म्हणाला होतात. आमच्या घरात माणसाचा शब्द पाळतात.

पश्चिमेचा, म्हणजे आमचा सोपा, जळाला. जोते राहिले. मधली पडवी पाडली हे खरे. का पाडली ते तुम्हाला सांगणाऱ्याने सांगितले नसेल, तर मीही आत्ता सांगत नाही.

आम्ही मागच्या गोठ्यात राहतो. गाई फौजेने नेल्या, त्यामुळे जागा ऐसपैस आहे. आपल्या गेनबा गड्याने कुडाला शेण लिंपून दिले आहे. चूल पेटते, देव कोनाड्यात बसवले आहेत. कसब्यात पुष्कळांना एवढेही राहिले नाही, तेव्हा आमच्याबद्दल कोणी हळहळू नये.

तुमचे दादा कुशल आहेत. सरकारी दफ्तराचे काम फार आहे म्हणून तिकडून स्वतः लिहिणे झाले नाही.

कार्तिक वद्य पंचमी, शके १६८५

यज्ञेश्वर भावोजींना आशीर्वाद.

यावेळी कागद आला. अक्षर अजून तसेच आहे, र ला उगाच लांब शेपूट. मी या घरात आले तेव्हा धूळपाटीवर बोट धरून तुम्हीच मला तो र शिकवला होता. माझा र आता तुमच्यापेक्षा बरा येतो, हे या पत्रातही दिसेल.

तुम्ही लिहिता: "गोठ्यात राहण्याचा हट्ट कशाला? माझ्या सोप्यात राहावे, माझी ना नाही. मात्र दादांनी स्वहस्ते दोन ओळी लिहून मागावे."

पत्र मी तिकडे वाचून दाखवले. तुमचे दादा ऐकून थोडे हसले आणि म्हणाले, "स्वहस्ते?" मग म्हणाले, "त्याला लिही, गोठा उबदार आहे."

तेव्हा गोठा उबदार आहे. तिकडून तुमच्यासाठी लेखणी हातात धरणे होणार नाही, आणि त्याचे कारण विचारू नये. आम्ही मागणार नाही, एवढे पुरे.

दुसरी गोष्ट लिहिण्याजोगी आहे. पश्चिमेचा सोपा पुन्हा बांधायला घेतला आहे. तुमच्या दादांनी सारे माझ्यावर सोपवले. शेजारचे वैद्य म्हणाले, "बाईमाणसाने सुतार-गवंड्यांशी बोलणे बरे दिसेल का?" मी पदर सारखा करून म्हटले, "वैद्यबुवा, बरे दिसणारे घर जळाले. आता टिकणारे बांधू."

सगळे शहरच बांधायला निघाले आहे. मावळातून सागवान येते ते वेशीबाहेरच लोक अडवून घेतात. मी गेनबाला पौडच्या वाटेवर पुढे पाठवले आणि गाड्या सरळ आपल्या दारात आणवल्या. जोत्याचा जुना दगड आगीने तडकला होता, तो काढला. नवा काळा दगड खाणीतून आणून दारातच घडवला. सांध्यात सुरीचे पाते जाणार नाही असा बसवला आहे. मी स्वतः सुरी घेऊन पाहिले. चुन्याची घाणी चौकात चालते. चुना मळताना मी कोणाला वाकून पाहू देत नाही, दूर उभे करते. गवंडी हसतात. हसू देत.

मोगलांचा राक्षसभुवनावर मोड झाल्याची बातमी आली त्या दिवशी इथे साखर वाटली. तुमच्या दादांनी साखर हातात घेतली आणि म्हणाले, "ठीक. आता भिंती उंच जाऊ द्या."

फाल्गुन शुद्ध सप्तमी, शके १६८५

यज्ञेश्वर भावोजींना अनेक आशीर्वाद.

तुम्ही विचारले नाही, तरी घराची हकीकत लिहिते. लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तुळया चढल्या. भाजक्या विटांच्या भिंती माझ्या हातभर रुंदीच्या आहेत, त्यांत जागोजाग दिव्यांसाठी देवळ्या ठेवल्या आहेत. माडीवर कडीपाटाचे लाकडी छत झाले, वर कौले. माडीचा सज्जा रस्त्याकडे काढला, त्याला महिरपी कमानी. रस्त्याने जाणारा माणूस मान वर करतोच. परवा तर एक घोडेस्वार मान वर करून पाहता पाहता भाजीवालीच्या पाटीवर गेला. बायडाबाईने, त्या भाजीवालीने, त्याला जे ऐकवले ते पत्रात लिहिण्यासारखे नाही.

दिवाणखाना मात्र माडीवर केला नाही, खाली चौकालगत केला. सरदारांकडे तो वर असतो, हे मला ठाऊक आहे. आपल्याकडे खाली आहे. लोक येतात-जातात ते सोयीचे पडते. वेळेत हलवता न आलेले जुन्या वतनांचे कागद आगीत गेले, त्यामुळे गावोगावचे पाटील-कुलकर्णी आपल्या सीमा विचारायला तुमच्या दादांकडे येतात, आणि तिकडून ओढा कुठून वळतो आणि आंब्याचे झाड कोणाच्या हद्दीत, ते बसल्या जागी सांगणे होते.

उंबरे मी बुटके केले आहेत. दारे रुंद. दिवाणखान्यापासून देवघरापर्यंत भिंतीला कमरेच्या उंचीची सागवानी पट्टी मारली आहे, गुळगुळीत, मधे कुठेही न तुटणारी. न्हाणीकडे उतरायला पायरी नाही, दगडी उतार आहे.

आणि खांब. भावोजी, असे खांब पुण्यात दुसऱ्या कोणाकडे नाहीत. चौकाच्या कडेचा प्रत्येक खांब वेगळ्या नक्षीचा आहे: एकावर केळफूल, एकावर कोयरी, एकावर पोपटांची जोडी, एकावर उमलते कमळ. त्यापायी मच्छिंद्र सुताराशी माझे दोन दिवस भांडण झाले.

तो म्हणाला, "बाई, खांब जोडीने सारखे असतात. वाडा म्हणजे काय बाजाराचा मांडव आहे का?"

मी म्हटले, "वेगळेच हवेत."

"आणि नक्षी वर, तुळईखाली हवी. तुम्ही म्हणता छातीच्या उंचीवर. तिथे कोण बघणार?"

"बघायची नाही. तुम्ही करा."

तो हत्यारे गुंडाळून निघाला. तेवढ्यात तुमचे दादा बाहेर आले आणि झालेल्या एका खांबाच्या नक्षीवर हात ठेवून उभे राहिले. मच्छिंद्र दारात थांबला, थोडा वेळ पाहत राहिला, मग परत येऊन हत्यारे सोडली. "पोपटाची चोच थोडी पुढे काढतो," एवढेच म्हणाला. त्यानंतर त्याने एकदाही वाद घातला नाही.

मधली पडवी अजून बांधलेली नाही, जागा उघडी ठेवली आहे. तिच्या तुळईचे एक टोक तुमच्या भिंतीत बसते. तुमच्या भिंतीला हात लावायचा तर तुमची परवानगी हवी, आणि परवानगी मागायची या घराला सवय नाही.

तुमच्या सौभाग्यवती श्यामलेला आशीर्वाद. तिने तुमच्या पत्राच्या कडेला हळदी-कुंकवाचे बोट लावले होते, ते मला पोचले.

श्रावण वद्य द्वितीया, शके १६८६

भावोजी,

तुमचे पत्र एका ओळीचे. "वहिनी, दादांना दिसते ना?"

हे पत्र मी तिकडे वाचून दाखवलेले नाही. देवघरात बसून लिहिते आहे.

दिसत नाही. आगीच्या दिवसापासून नाही.

तुम्हाला कळवू नये अशी तिकडून ताकीद होती. ती मी आज मोडते. तुम्ही विचारले नसतेत तर मोडली नसती. मी फक्त घराबद्दल लिहीत गेले. तुम्ही त्या घरात वाढलेले, घर वाचता येते तुम्हाला, हे माझ्या ध्यानात यायला हवे होते. कदाचित आलेही असेल.

आता पडवीचे ऐका.

दफ्तराची बासने लादलेले बैल सिंहगडाकडे रवाना करून तुमचे दादा मला न्यायला परत आले होते. मी निघत नव्हते. घर सोडून जायला पाय उचलत नव्हता. तेवढ्यात फौजेने गल्लीच्या तोंडाशी गवताच्या गंजी पेटवल्या आणि पुढच्या आळीत गेली. भर दुपार, वारा पश्चिमेचा. आपला सोपा बघता बघता पेटला. गेनबा म्हणाला, "धनी, चला, आता काय ऱ्हात न्हाई."

तुमचे दादा चौकात उभे होते. आमचा दिवाणखाना, माडी, त्यांची पुस्तके, सगळे त्यांच्या डोळ्यांदेखत जळत होते. एकदाच तिकडे पाहिले आणि मग पडवीकडे वळले. म्हणाले, "आपलं गेलं. यज्ञूचं वाचतंय का बघू."

पडवीवरून आग तुमच्या कौलांवर जाणार होती. गेनबाने तुळईला दोर टाकला. तिघांनी ओढला. हो, मीही ओढला; हाताची साले गेली होती. तुळई आली ती भिंतीचा वरचा थर घेऊनच आली. सर्वांत पुढे तुमचे दादा होते. चुना, राख, निखारे, सारे तोंडावर आले. डोळे धुवायला मी हौदाचे पाणी ओतले. ते बरे केले की वाईट, हे वैद्यही सांगू शकले नाहीत.

पडवी पडली आणि आग तिथेच थांबली. जमिनीवर बसल्या बसल्या तिकडून विचारणे झाले, "पलीकडचं वाचलं?"

मी म्हटले, "वाचलं."

"मग ठीक."

घराचे दोन तुकडे मी केले ते असे.

पुढे महिनाभर डोळ्यांवर तुपाच्या पट्ट्या होत्या. पट्ट्या सोडल्या त्या दिवशी मला म्हणाले, "यज्ञूला कळवायचं नाही. भांडून गेलेला माणूस आहे. परत यायचा तर घर आपलं म्हणून येऊ दे. माझी कीव करत आला तर मी त्याला ओसरीवरही बसू देणार नाही." म्हणून मी लपवले. तुम्ही स्वहस्ते दोन ओळी मागितल्यात तेव्हाही लपवले. त्याचे मला वाईट वाटत नाही. त्या माणसाला ज्या तऱ्हेने जगायचे होते त्या तऱ्हेने जगू दिले.

सुरुवातीला गोठ्यात ते दिवसभर एका जागी बसत. पाणी हवे असले तरी मागत नसत. मला तेव्हा कळले, की यांना आधाराला माणूस चालणार नाही. मग घरानेच आधार द्यायचा, असे मी ठरवले. केळफुलाशी डावीकडे वळले की देवघर, कोयरीशी माजघर, पोपटांपाशी दिवाणखाना, कमळापासून सरळ गेले की हौद. आज ते या घरात कोणाचा हात न धरता हिंडतात. नव्या माणसाला पाऊण तास कळत नाही. परवा इंदापूरचे एक देशपांडे तासभर बोलून गेले आणि जाताना गेनबाला म्हणाले, "रावसाहेब माझ्याकडे पाहत नव्हते, मी काही चुकीचं बोललो का?"

तुम्हाला यायचे असेल तर या. पण डोळे पुसत येऊ नका. इथे कोणी रडत नाही.

मार्गशीर्ष शुद्ध नवमी, शके १६८६

यज्ञेश्वर, बाळा,

वयाने तुम्ही माझ्याएवढेच, पण आज बाळाच म्हणते. वागणे तसे आहे.

पडवीसाठी भिंत फोडा, असे तुमचे पत्र मधे आले. फोडली. तुळई बसवली. मग तुम्ही सागरची चाकरी सोडून निघालात, श्यामलेला घेऊन तुळजापूरला देवीचे दर्शन केलेत, हे सारे कळत होते. आणि आज सकाळी तुमचा स्वार आला. म्हणे, तुम्ही लोणी काळभोरला देवळात उतरला आहात आणि "दादांची आज्ञा झाल्याशिवाय पुढे पाऊल टाकणार नाही."

स्वाराने हे भरल्या दिवाणखान्यात सांगितले. तुम्ही येता आहात हे मी तिकडे सांगितलेच नव्हते. मी दाराआड उभी होते.

तुमचे दादा म्हणाले, "आज्ञा? जाताना घेतली होती का?"

स्वार पागोटे सावरत उभा. दादा बैठकीवरून उठले. मग आलेल्या मंडळींना म्हणाले, "आपली सीमेची गोष्ट उद्या बोलू," आणि हाक मारली, "गेनबा, गाडी जुंप."

मी पुढे झाले. म्हटले, "कशाला? मी गेनबाला पाठवते, निरोप देते."

"निरोपाने येणारा नाही तो. आडमुठा आहे. तिथेच बसून राहील."

"लोणी काही जवळ नाही."

"लोणी कुठे आहे ते मला ठाऊक आहे. आंधळा झालोय, अडाणी नाही."

भावोजी, आगीनंतर ते दिंडी दरवाजाच्या बाहेर गेले नव्हते. घर त्यांचे होते, रस्ता लोकांचा होता. रस्त्यात कोणी हात धरेल याची त्यांना भीती. आज त्यांनी पेटीतली पगडी काढायला सांगितली. उपरणे घेतले. चौक ओलांडून दरवाजापर्यंत एकटे गेले, आणि दगडी पायऱ्यांपाशी क्षणभर थांबले. मी जागची हलले नाही. गेनबाने पुढे केलेला हात मी डोळ्यांनीच मागे घ्यायला लावला. ते उतरले. शेवटच्या पायरीवर तोल जरासा गेला, तो त्यांनीच सावरला. समोरच्या ओट्यावरचे वैद्य उठून उभे राहिले. बायडाबाईने पाटी रस्त्यातून बाजूला घेतली. एवढ्या वर्षांच्या संसारात मी पुष्कळ पाहिले, पण एवढी मान ताठ करून दारात कधी उभी राहिले नव्हते.

आता ते गाडीत बसले आहेत. बैलांना वैरण घालेपर्यंत मी हे आत लिहिते आहे. ते बाहेरून विचारत आहेत, "एवढं काय लिहिणं चाललंय?" मी म्हटले, "शिधा किती लागेल त्याची यादी."

हे पत्र मी गेनबाजवळ देते. तो तुमच्या हातात देईल, आणि तिकडून विचारणे होईल, काय लिहिले आहे. त्यांना वाचता येत नाही. तेव्हा तुम्हालाच वाचून दाखवावे लागेल. देवळाच्या ओट्यावर त्यांच्या शेजारी बसा आणि काही न गाळता वाचा.

म्हणजे त्यांना कळेल, की ताकीद असूनही मी तुम्हाला त्यांच्या डोळ्यांचे कळवले. रागावणे झाले तर ते लोणीतच होऊ द्या, घरापर्यंत आणू नका. म्हणजे त्यांना हेही कळेल, की ते आल्या-गेल्याला भिंतीवर हात ठेवून "हे सगळं आमच्या घरातून झालंय" असे, म्हणजे हे मी केले असे, सांगतात, ते दाराआडून मी रोज ऐकते. त्यांना वाटते मी माजघरात असते. आणि त्यांनी जन्मात कधी मला तोंडावर चांगले म्हटले नाही, त्याचे मला काही वाटत नाही, हेही वाचा. जरा सावकाश वाचा.

आणि तुम्ही दोघेही ऐका. पूर्वेचा सोपा, पश्चिमेचा सोपा, हे बोलणे मी आजपासून बंद केले आहे. श्यामलेला स्वयंपाकघरात दुसरी चूल हवी असेल तर ती दुसरी चूल मांडेल, पण त्याच छपराखाली. आज पुरण घातले आहे. तुम्ही सगळे येईपर्यंत मी जेवणार नाही, आणि मला भूक सोसत नाही हे तुम्हा दोघांनाही चांगले ठाऊक आहे.

वाचून झाले असेल तर कागद घडी करून दादांच्या हातात द्या, आणि गाडी वळवा.

मुक्ता